बायकांचं बन

१० जुलै

राफ्कोकाकांनी आज माझी गिऱ्हाइकं पळवून लावली. सरहद्दीपलीकडच्या त्रिएस्तहून आलेलं जोडपं होतं, सभ्य माणसं, दुसरा पेला मागवून निवांत बसली होती. बाईच्या हातात पाइनची डहाळी. वाटेवर वाकलेली दिसली म्हणून तोडली असेल, तिचा वास घेत होती बिचारी. काका फाटकातूनच ओरडले, "कुठून तोडलीत?" तिला आपली भाषा कळेना. मग त्यांनी इटालियनमधून विचारलं — तेही अशा आवाजात की बाईंच्या डोळ्यांत पाणी. दोघं उठून गेली. हॅमचं ताट तसंच राहिलं.

मी म्हटलं, "काका, फाटकावर आयव्हीची फांदी टांगायची, घरची वाइन आणि घरचं हॅम विकायचं — याला वर्षातून आठ दिवस मिळतात मला. आठ!"

"मग तू तुझी फांदी सांभाळ. मी माझ्या सांभाळतो."

माझ्या नवऱ्याचे, द्रागोचे, सख्खे काका. शहाऐंशी वर्षांचे, काठी हातात, पण टेकायला नाही — दाखवायला. बायकांच्या बनातली वाळकी काडी कुणी उचललेली खपत नाही त्यांना. निम्म्या गावाशी याच पायी अबोला. आणि मी? लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मी "खालची". माझं माहेर खोऱ्यातलं, तिथं नदी आहे, म्हणून मी पाणी उधळते म्हणे.

द्रागो म्हणाला, "जाऊ दे गं." तो कायम हेच म्हणतो.

१३ जुलै

पाऊस नाही. मे महिन्यापासून नाही. आमच्या पठारावर पडलेला पाऊस तरी कुठं थांबतो म्हणा — दगडांतून झिरपतो आणि थेट पाताळात. वर एक ओढा नाही, पोटात म्हणे नद्या वाहतात. अंगणातल्या टाक्यात साठेल तेवढं आपलं. आज बादली तळाला घासली. तो आवाज मला अजून सहन होत नाही.

सकाळी नेझा आली, रस्त्यालगतचा पाण्याचा नळ तपासायला. गावच्या आगीच्या पथकाची प्रमुख. तिशीची पोरगी, पोटापाण्याला विजेची कामं करते, खांबावर चढते. पथकात सगळे हौशी, पगार कुणालाच नाही. बंबाची गाडी आमचा द्रागो चालवतो, गुडघा दुखत असताना.

काका आमच्या ओट्यावर बसले होते. म्हणाले, "आली. गावात आजवर काय दिवे लावलेस ते सांग बघू."

"तुमच्या गोठ्यातला लावला, काका. मार्चमध्ये. विसरलात, कारण तो चालतोय."

काकांनी हातातली काठी खाली ठेवली. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग ती मुद्द्यावर आली. बनात पाइनच्या सुया गुडघाभर साठल्यात, निदान रस्त्याकडेच्या तरी काढू द्या. काका नाही म्हणाले. ती म्हणाली, "काका, ते सगळं पेट्रोल आहे."

"ती माझी आजी आहे," काका म्हणाले. आणि विषय संपला.

गावाचं नाव गोलावेत्स. म्हणजे बोडकं. काकांच्या आजीच्या काळात खरंच बोडकं होतं — नुसता पांढरा दगड, आणि हिवाळ्यात बुऱ्या नावाचा वारा सुटला की छपरांवर दगड ठेवले तरी कौलं उडायची. मग तिनं आणि गावच्या बायकांनी खोलगट वाफ्यांतली लाल माती पाट्यांतून डोक्यावर वाहिली आणि दगडांत पाइन लावले. म्हणून बायकांचं बन. हे मला पाठ आहे. काका प्रत्येकाला सांगतात, न विचारता. लग्नाच्या दिवशी मलाही सांगितलं होतं, जेवण थंड होईपर्यंत.

१५ जुलै

दक्षिणेला धूर. रुळांच्या पलीकडे, सरहद्दीजवळ. द्रागो गाडी घेऊन गेला. परत आला तो काळवंडून. म्हणाला, आटोक्यात आहे.

१६ जुलै

आटोक्यात नाही.

१७ जुलै

दिवसभर स्वयंपाक. पथकाच्या शेडमध्ये मोठी पातेली मांडलीत — आंबट कोबी आणि घेवड्याचा रस्सा, पाव, हॅम. माझं आठ दिवसांचं हॅम दुपारीच संपलं. बरं झालं, कारणी लागलं.

कुठून कुठून आलेत लोक! पार हंगेरीच्या सीमेवरच्या सपाट मुलखातून, आल्प्सच्या पायथ्यापासून. त्यांची बोली मला धड कळत नाही, त्यांना माझी. एकाला मी तीन वेळा विचारलं, "अजून वाढू?" तो तीनही वेळा काहीतरी म्हणाला आणि प्रत्येक वेळी मी वाढलं. शेवटी तो काकुळतीला आला. त्यांच्या बोलीत म्हणे ते 'नको' होतं. सगळे हसले. चेहऱ्यांवर काजळी, त्यात फक्त दात पांढरे.

एक पोऱ्या जेवता जेवता बसल्या जागी झोपला, हातात पाव. येल्कानं तो पाव हळूच काढून घेतला आणि त्याच्या मानेखाली स्वतःची शाल ठेवली. येल्का माझी शेजारीण. तोंडानं फटकळ, अख्ख्या गावाला नावं ठेवते. आज एकालाही ठेवलं नाही.

आणि ते आवाज. पहिला झाला तेव्हा वाटलं टायर फुटला. मग दुसरा, मग एकामागून एक. पहिल्या महायुद्धातले तोफगोळे! शंभर वर्षं मातीत पडून होते, न फुटलेले. वरची पानं जळली, जमीन तापली, आणि आता फुटतायत. आल्प्सवाल्यांनी विचारलं, हे काय? काका म्हणाले, "माझ्या आजोबांवर सोडलेले. उशिरा पोचतायत."

पथकाला रस्ता सोडून रानात पाय ठेवायची बंदी. फक्त रस्त्यावरून पाणी मारायचं. त्यातून सुद्धा नेझा माणसं मागं घेते, पुढं नेते, पुन्हा मागं. आवाज चढवत नाही. तिच्यापेक्षा दुप्पट वयाचे बाप्ये तिचं मुकाट ऐकतात. मी पातेलं ढवळता ढवळता बघत राहिले. ही कधी एवढी मोठी झाली?

१८ जुलै

गाव रिकामं करा म्हणून हुकूम आला. बायका, म्हातारी माणसं, गुरं — सगळी खाली खोऱ्यात.

येल्का गेली. जाताना मधमाश्यांच्या घराजवळ उभी राहिली होती. लाकडी घर, प्रत्येक पेटीच्या तोंडावर तिच्या वडिलांनी रंगवलेली फळी. अस्वल शिकाऱ्याची अंत्ययात्रा काढतंय, म्हाताऱ्या बायका गिरणीत दळायला टाकतायत आणि तरण्या होऊन बाहेर पडतायत, असली चित्रं. फळ्या काढून घेऊ का म्हणून मी विचारलं. म्हणाली, "नको, दिवसा उघडलं तर माश्या चिडतील." आणि गाडीत बसली.

मी राहिले. जेवण कोण करणार?

काका हलायला तयार नाहीत. मी गेले समजवायला. घरात बसून रेझर पाजळत होते.

"काका, दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"माझ्या आजीलाही हेच सांगितलं होतं. लढाई आली तेव्हा. दोन दिवसांत परत याल, चुलीवरचं राहू द्या. ती आली चार वर्षांनी, निर्वासितांच्या छावणीतून. चूल नव्हती, भिंत नव्हती. चर्चचा उंबरा तेवढा ओळखू आला, त्यावरून मोजत मोजत तिनं आपलं घर कुठं होतं ते शोधलं."

"आणि मग?"

"मग काय? बांधलं. आणि बन अर्धं तुटलं होतं, तिथं परत लावलं. या खेपेला माझी आई होती सोबत, पोर होती ती. उरलेल्या झाडांत लोखंड घुसलेलं. अजून आहे. गिरणीवाले आपलं लाकूड घेत नाहीत ते काय उगाच?"

त्यांनी दाढी केली, नीट, गळ्यापर्यंत. मग म्हणाले, "तू का नाही गेलीस? तुझं तर माहेर खाली."

"रस्सा लागेल," मी म्हटलं.

२० जुलै

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटायचं नाही.

काल दुपारी आग बनात शिरली. टेकडीच्या माथ्यावरून. माथा काळा झाला, मग लाल, मग काहीच दिसेना. बन उतारावर, पायथ्याला रस्ता, रस्त्याच्या अलीकडे आमची घरं. पाण्याचे दोनच बंब, बाकीचे दुसऱ्या गावांना लागलेले. आणि वारा सरळ आमच्या तोंडावर.

आधी झाडं पाडून मोकळा पट्टा करायचा ठरलं. द्रागोनं करवत लावली. दुसऱ्याच झाडाला साखळी लोखंडावर आपटून तुटली, त्याच्या कानाशेजारून गेली. दुसरी करवत, तीच गत. काका रस्त्याच्या मधोमध स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसले होते, बनाकडे तोंड करून. कुणी उठवायचं धाडस केलं नाही.

नेझाच्या खांद्यावरचा वायरलेस बोलला. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन अगदी शेजारी उभी होते, शब्दन् शब्द ऐकला. माघार घ्या. गाव सोडा. ती म्हणाली, "पट्टा पेटवून बघू का?" तिकडून आलं — अजिबात नाही, परवानगी नाही, माणसं काढा. ती म्हणाली, "ऐकलं." आणि बटण बंद केलं.

मग काकांसमोर जाऊन उकिडवी बसली. म्हणजे दोघांची तोंडं समोरासमोर आली.

"काका, रस्त्याकडेचं बन मी आत्ता पेटवणार आहे. मोठी आग इथवर येईल तेव्हा तिला खायला काही उरायला नको. हा तुकडा तुमच्या नावावर आहे."

"आणि वरचं?"

"वरचं जातंच आहे. बन वाचत नाही, काका. गाव वाचेल."

"खात्री आहे?"

मला वाटलं, ती हो म्हणणार. मी असते तर म्हटलं असतं. कुणीही म्हटलं असतं.

"नाही," नेझा म्हणाली.

वरून राख पडत होती, काकांच्या ताज्या दाढीच्या गालांवर, तिच्या हेल्मेटवर. मग ते उठले. खुर्ची स्वतः उचलली.

"आहे म्हणाली असतीस तर उठलो नसतो."

आमच्या भिंतीला खुर्ची लावून बसले, बनाकडे पाठ करून. म्हणाले, "वोयका, कॉफी आहे का?"

मी कॉफी केली. असल्या वेळी! केली खरी. अर्धी बशीत सांडली. बाहेर आले तेव्हा नेझा रस्त्यानं चालली होती, हातात तेलाचा डबा, त्याच्या चोचीतून आगीचे थेंब पडत होते. झारीनं फुलझाडांना पाणी घालावं तशी शांतपणे चालली होती, एकेका बुंध्यापाशी थांबून. मागं द्रागो बंब घेऊन. आणि सुया पेटल्या. बाई गं, काय पेटल्या!

काका कॉफी पीत होते. मागं न बघता विचारलं, "कसं वाजतंय?"

"नदीला पूर आल्यासारखं."

"असेल. मी कधी ऐकला नाही."

मग गोळे फुटायला लागले, अगदी जवळ. आम्ही भिंतीआड खाली बसलो, काका, मी आणि ती खुर्ची. आमची खालून चढत गेलेली आग आणि वरून आलेली आग उतारावर मध्येच एकमेकींना भिडल्या. तो आवाज मी लिहू शकत नाही. आणि त्यानंतर एकदम काही नाही. पेटायला काही उरलंच नव्हतं. धूर सरळ वर गेला.

गाव उभं आहे. सगळं. चर्च, शेड, घरं. फक्त एक — ठिणग्या रस्त्यावरून उडून येल्काच्या मधमाश्यांच्या घरावर पडल्या. द्रागो धावला, पण सुकं लाकूड ते.

आणि अजून एक. थोड्या वेळानं वारा फिरला. समुद्राकडचा सुटला, थंडगार. मोठी आग तोवर असती तर आपणहून मागं वळली असती.

नेझानं ते गालावर वारा लागला तसं ओळखलं. मी तिचा चेहरा पाहिला.

२३ जुलै

माणसं परतली. परगावचे पथकवाले निघून गेले. जाण्याआधी त्यांनी माझी पातेली घासून उलटी घालून ठेवली होती, ओळीनं. नाव-पत्ता न सांगता गेले. आता त्यांना आभाराचं कुठं कळवायचं?

येल्का मधमाश्यांच्या राखेत उभी होती. एक फळी अर्धी सापडली. तरण्या होऊन बाहेर पडणाऱ्या तेवढ्या उरल्यात, दळायला टाकलेल्या म्हाताऱ्या जळाल्या. मी जवळ गेले. म्हणाली, "आत्ता नको, वोयका."

२९ जुलै

बॉम्ब काढणारे आले आणि रस्त्यालगतचा उतार तपासून गेले. तेवढ्यात फिरायला हरकत नाही म्हणाले.

आणि परवा रात्री — इतक्या दिवसांनी — पाऊस आला. राख धुऊन गेली. सकाळी द्रागो दारातून हाका मारायला लागला, "वोयका, बाहेर ये. बाहेर ये आधी."

उतारावर दगडांची कडी. एकेका जळक्या बुंध्याभोवती एक कडं, गोल, गुडघ्याएवढ्या उंचीचं, हातानं रचलेलं. सगळ्या उतारावर, माथ्यापर्यंत, ओळीनं. बुऱ्या वाऱ्यानं रोप उपटू नये म्हणून प्रत्येक रोपाला एकेक कडं रचलं होतं. सुयांच्या खाली बुडून गेली होती सगळी. कुणाला ठाऊकच नव्हती. काकांनाही नाही! त्यांच्या आजीनं हे कधी सांगितलं नव्हतं. तिला ते सांगण्यासारखं वाटलं नसेल.

डोक्यावरची पाटी उतरवून बायकांनी आपापली चुंबळ तिथंच ठेवली आणि गेल्या — असं दिसतंय.

मी अशी उभी राहिले तासभर. माझ्या सासूबाई, त्यांच्या सासूबाई, सगळ्यांचे फोटो आहेत घरात, गंभीर तोंडं, काळे रुमाल. मला त्यांची भीतीच वाटायची. एकेक दगड उचलून, निवडून, नीट बसवलेला. दगडाला दगड असा बसवलाय की लढाईत हलला नाही, आगीत हलला नाही. काही कड्यांत मोठे दगड, काहींत लहान. हातांचा फरक. कुणी तरी एकीनं तर वरती एक पांढरा दगड बसवलाय, प्रत्येक कड्याला, नुसता शोभेचा. एवढी माती वाहून, उन्हात, वाऱ्यात, आणि वर शोभेचा दगड. मला तिला भेटायचंय.

५ ऑगस्ट

काका रोज सकाळी उतारावर जातात. कड्यांमधून चालतात. काठीनं कशाला शिवत नाहीत. आज मी सोबत गेले. पांढऱ्या दगडांवाली त्यांची आजी असेल का म्हणून विचारलं.

"छे. आजीला शोभेचं काही ठाऊक नव्हतं. येल्काच्या पणजीची असतील ती. त्या घराण्यात आहे ते."

हे येल्काला सांगितलं. तिनं काम थांबवलं. "कोण म्हणालं?"

"राफ्कोकाका."

दोघांचा अबोला वीस-बावीस वर्षांचा. तिच्या वडिलांनी पेट्यांसाठी बनातली एक फांदी तोडली होती. संध्याकाळी येल्का उतारावर दिसली मला, वाकून, एका पांढऱ्या दगडावर तळवा ठेवून.

११ ऑगस्ट

कुजबूज सुरू झाली. मला ठाऊक होतं होणार.

वारा फिरलाच होता. थोडं थांबली असती तर खालचं बन वाचलं असतं. मधमाश्या वाचल्या असत्या. वरून नको सांगितलं तरी हिनं ऐकलं नाही म्हणे — एवढी कसली घमेंड? पावाच्या दुकानात उभं राहून बोलतात. ज्यांची घरं उभी आहेत तेच बोलतात. मी म्हटलं, "तुम्ही नव्हतात तिथं." एकजण म्हणाला, "म्हणूनच नीट दिसतं आम्हाला."

वनखात्याचा माणूस आला होता, भला वाटला. त्याला विचारलं, थांबली असती तर काय झालं असतं? म्हणाला, "सांगता येत नाही, बाई. खरंच नाही सांगता येत."

नेझा कुणाला काही सांगत नाही. पथकाची शेड झाडते, नळ्या वाळत घालते. मी योग्य केलं असं एकदाही म्हणाली नाही. चूक झाली असंही नाही. येल्काच्या दारात मात्र गेली होती, सरळ. येल्का म्हणाली, "काय बोलायचंय?" नेझा म्हणाली, "ठिणग्या माझ्या होत्या. मला माफी मागायची आहे." येल्कानं दार लावलं नाही, पण आतही बोलावलं नाही. मग नेझा निघून आली.

हे मला येल्कानंच सांगितलं. सांगताना भांडी आपटत होती.

१९ ऑगस्ट

वरून चौकशी लागली. परवानगी नसताना आग पेटवली, हुकूम मोडला, मालमत्तेचं नुकसान. पुढच्या आठवड्यात साहेब गावात येणार, शेडमध्ये बसून एकेकाला बोलावणार. द्रागो म्हणाला, पथक तर जाईलच तिचं, वर खटलाही होऊ शकतो.

संध्याकाळी नेझा आमच्याकडे आली. द्रागो तिला म्हणाला, "वायरलेस बिघडला होता म्हण. मी साक्ष देतो. आवाज तुटत होता, ऐकू आलं नाही. संपलं."

"ऐकू आलं होतं."

"अगं पण —"

"द्रागोकाका, मला ते जमत नाही. विचारलं की खरं तेच येतं तोंडात. लहानपणापासून मार खाल्लाय त्यापायी."

तिनं वाइनचा पेला संपवला, धुतला, उपडा घातला. ती गेल्यावर द्रागोनं दार लावून घेतलं. म्हणाला, "असली माणसं पथकात पाहिजेत आणि चौकशीत नकोत." मला हसूही आलं आणि नाहीही.

२३ ऑगस्ट

राफ्कोकाकांनी निरोप पाठवला, पांढरा सदरा इस्त्री करून दे. मी दिला. कशाला हवाय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मयताला." मी घाबरले. म्हणाले, "कुणाच्या तरी."

मग मी निघणार तेवढ्यात काकांनी विचारलं, "नेझा चौकशीत काय सांगणार आहे?"

"खरं."

"सगळं?"

"सगळं, काका."

त्यांनी मान हलवली. मी दारापाशी पोचले तेव्हा म्हणाले, "येल्काला जरा इकडे पाठव." मी वळून बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला बोलावलं त्यांनी.

येल्का गेली. दार आतून लावून घेतलं. मी स्वयंपाकाला लागले. ऐकायला काहीच आलं नाही. येल्का परत आली ती सरळ द्रागोशी बोलायला, अंगणाच्या कोपऱ्यात. मग द्रागो सगळ्या गावात फिरून आला, दुखऱ्या गुडघ्यानं. नेझाच्या दाराकडे मात्र फिरकला नाही. मला शेवटी सांगितलं.

२६ ऑगस्ट

काका पांढरा सदरा घालून सगळ्यांच्या आधी आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "सांगितलं. आग मी लावली. माझी जमीन, माझी झाडं. पोरगी नको नको म्हणत होती." मग येल्का आत गेली — तिनंही तेच सांगितलं, काकांनी तिच्यापाशी कबूल केलं म्हणून. मग द्रागो. मग मी. मी सांगितलं, काडेपेटी मी दिली. पावाच्या दुकानातलेही गेले, एकामागून एक, आणि काकांचंच नाव घेऊन आले.

नेझा सगळ्यांत शेवटी, तिच्या वेळी दार उघडंच राहिलं. तिनं सगळं खरं सांगितलं, पहिल्यापासून. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "म्हाताऱ्याला वाचवायला इतकं खोटं बोलू नका, बाई."